हलणाऱ्या मानेचा फोटो

सणसरच्या म्हस्कूला आपल्या बायकोचं तोंड बघायचं होतं. इच्छा एवढीच, पण कुणापाशी बोलला असता तर गावानं त्याला खुळ्यातच काढलं असतं. लग्नाला उभा जन्म लोटला, घरात सून आली, अंगणात नातवंडं लोळायला लागली, आणि हा म्हणतो बायकोचं तोंड बघायचंय!

पण त्याचं गाऱ्हाणं खरं होतं. लग्नात मधे अंतरपाट होता. अंतरपाट निघाला तर मुंडावळ्या होत्या. मुंडावळ्या सुटल्या तर सासू-सासऱ्यांपुढं तिचा, म्हणजे नकोशीचा, पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत होता. दिवसाउजेडी बायकोकडं बघतो तो गडी कसला, अशी म्हस्कूच्या बापाची ठाम समजूत होती आणि बापाच्या हातात काठी होती. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन कोकणची वाट धरायची. घोड्यावर बिऱ्हाड लादून नकोशी पुढं, मधे सगळी मेंढरं, मागं म्हस्कू. त्यांचा संसार असाच झाला. बायकोची पाठ म्हस्कूनं कुठंही ओळखली असती. तोंडाचीच जरा पंचाईत होती.

पुढं कालव्याचं पाणी रानात खेळलं. मेंढरं गेली, वांगी-भेंडी आली. म्हातारा-म्हातारी गेली. आता बांधावर बसून निवांत बायकोकडं बघावं म्हटलं, तर नकोशीची मान हलायला लागली. उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं, कुणीतरी सारखं 'नाही नाही' म्हणावं तशी. दुखत-खुपत काही नव्हतं. वैदूनं मुळी दिली, देवऋष्यानं अंगारा दिला, मान आपली हलतीच राहिली. नकोशीचं त्यात फारसं अडत नव्हतं. बारामतीच्या बाजारात ती वांग्यांची पाटी घेऊन बसली की दलाल भाव सांगायचा, हिची मान हलायची, दलाल घाबरून भाव चढवायचा. ती तोंडानं "व्हय बाबा, व्हय" म्हणेपर्यंत तो चांगला दोनदा चढलेला असायचा.

म्हस्कूला मात्र ते तोंड डोळ्यांत धरता येईना. वाहत्या पाटात चेहरा बघावा तसं व्हायचं. आहे म्हणावं तर आहे, आणि हाताला काही लागत नाही.

यातून वाट काढली ती गव्हर्नरनं.

गव्हर्नर म्हणजे म्हस्कूच्या मुलाचा, आप्पाचा, टकरीचा मेंढा. काळाभोर, शिंगं दोन वेढ्यांची, आणि वागणूक नावाला साजेशी. कुणालाही वाट द्यायची नाही. इंदापूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात त्याचा पहिला नंबर आला. मामलेदारानं स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात रेशमी फीत बांधली आणि गव्हर्नरनं मामलेदाराच्या देखतच ती खाऊन टाकली. आता पहिल्या नंबराची काही खूण तर पाहिजे! आप्पानं ठरवलं, मेंढ्याचा फोटो काढायचा.

हे कानावर पडलं आणि म्हस्कूच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. फोटोत कुणी हलत नाही. फोटोतली मान कशी हलेल?

"आप्पा," तो म्हणाला, "मेंढ्याशेजारी तुझ्या आयेला बी हुबी कर."

"आईचा काय पहिला नंबर आलाय व्हय, तात्या?"

"तुझ्या बापासंगं इतकी वरसं काढली तिनं. कर हुबी."

बारामतीहून रामहरी फोटोग्राफर बैलगाडीतून आला. येताना त्यानं तीन पायांची घोडी, लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटांची पेटी आणि काळं फडकं एवढं आणलं. बाकी सगळी मिजास. त्याच्या दुकानावर पाटी होती: 'मागच्या झाडाचं पानसुद्धा मोजून घ्यावं.' गाव जमलं. वरकुट्याहून आबासाहेब पाटील आले, म्हणजे आप्पाचे सासरे. जरीचा फेटा, हातात छत्री, आणि कुणीही बोलावलेलं नसताना मधोमध उभं राहायची सवय.

चिंचेखाली सावलीत सगळ्यांना मांडलं. गव्हर्नरला आडवा उभा केला, शिंगांचे वेढे दिसावेत म्हणून, आणि तोंडापुढं हरभऱ्याची पाटी ठेवली. रामहरी फडक्यात शिरला, बाहेर आला, म्हणाला, "मी कॅमेऱ्याचा हा रबरी फुगा दाबला की सोडेपर्यंत कुणी हलायचं नाही. श्वास घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या."

सगळ्यांनी श्वास घेतला. नकोशीची मान हलली.

"आजी, मान."

"ती आपली हलतीया, मी न्हाय हलवत," नकोशी पदराआडून म्हणाली.

रामहरीनं गाडीतून लोखंडी चिमटा काढला. दुकानात तो गिऱ्हाइकांच्या मानेमागं लावायचा, डोकं स्थिर राहावं म्हणून. तो नकोशीच्या अंबाड्यामागं लावला. थोड्या वेळात चिमटाही 'नाही नाही' म्हणायला लागला. मग सून प्रयागबाई पुढं झाली. "मी धरते आत्याबाईस्नी," म्हणून तिनं मागून दोन्ही हातांनी सासूचं डोकं धरलं. आता दोन माना हलायला लागल्या. आबासाहेबांनी सुचवलं की बाकी सगळ्यांनी उलट्या बाजूनं माना हलवाव्यात, म्हणजे फिट्टंफाट होईल. व्याही बोललेले, त्यामुळं कुणी हसलं नाही. शेवटी रामहरीनं कपाळाला हात लावला आणि फुगा दाबला.

आठ दिवसांनी भाजीची गाडी घेऊन म्हस्कू बारामतीला गेला. वांगी उतरली न उतरली तोच तो रामहरीच्या दुकानात हजर. रामहरीनं फोटो पुढं ठेवला, छाती काढून.

फोटो होता मात्र देखणा. चिंचेची पानं मोजून घ्यावीत. आबासाहेबांच्या फेट्याची जर मोजावी. गव्हर्नरच्या लोकरीचा एकेक केस सुटा, तोंडातला हरभरासुद्धा दिसतोय. आणि गव्हर्नरच्या शेजारी, लुगड्याच्या वर, जिथं नकोशीचं तोंड असायला पाहिजे तिथं चुलीचा धूर.

म्हस्कूनं फोटो उजेडात नेला. पालथा केला. पुन्हा सुलटा केला.

"मास्तर, हिचं तोंड कुठं हाय?"

"तात्या, बाकी बघा ना. पाटील कसे उठलेत!"

"पाटलाचं तोंड मी सनावाराला बघतो, त्येवढं पुरतं. मेंढा हरभरा खाताना दिसतूया, अन् मानूस दिसंना?"

रामहरीनं वर बघितलं. म्हातारा भांडायला आला असावा असं त्याला वाटलं होतं. पण म्हातारा भांडत नव्हता. फोटोतल्या धुरावरून अंगठा फिरवत होता, पुसून बघावं तसा.

रामहरी मिजासखोर होता, पण दगड नव्हता. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. तुम्ही कालव्यावरचे ना? मग ऐका. उजेड म्हणजे पाणी धरा. आत काचेची प्लेट आहे, तो तुमचा वाफा. वाफा भरला की फोटो झाला. ह्या भिंगात एक भोक असतं. ते लहान-मोठं करता येतं, पाटाच्या दारासारखं. आणि हे शटर. दार किती वेळ उघडं ठेवायचं ते हे ठरवतं."

"म्हंजी बारीक दार ठिवलं तर लई येळ लागनार."

"लागणारच! मी भोक बारीक ठेवलं होतं, त्यात सावली. म्हणून फुगा दाबून धरावा लागला. दार उघडं होतं तेवढ्या वेळात आजींची मान तीनदा इकडून तिकडं गेली. सगळी तोंडं एकावर एक सांडली. त्याचा झाला धूर."

"मग दार सताड उघडा अन् फाटदिशी लावून टाका! वाफा भराय पाहिजे ना? भरंल की."

रामहरी दाढी खाजवत म्हणाला, "भरेल. भर उन्हात भरेल. तेव्हाच्या वेळाचा शंभरावा भाग पुरेल. पापणी लवायच्या आत."

"तेवढ्यात मान किती हलंल?"

"हलणारच नाही म्हणा."

"मग अडलंय कुठं?"

"अडलंय ते इथं. भोक बारीक असलं की पुढचं-मागचं सगळं स्वच्छ येतं. झाडसुद्धा. भोक मोठं केलं की मी ज्या अंतरावर भिंग लावीन तेवढंच स्वच्छ. त्याच्या हातभर पुढं, हातभर मागं, सगळं पातळ पिठलं."

"कालव्यात आसं न्हाय हुत."

"कालवा संपला, तात्या. हे आता फोटोतलं आहे." रामहरीनं दाराबाहेरच्या पाटीकडं हताश होऊन बघितलं. "पानं मोजून घ्या म्हणून लिहिलंय मी. मागं पाटील उभे राहणार. त्यांचं पिठलं झालं तर मला जिता सोडतील का? तुम्ही असं करा, आजींना एकटीलाच बसवा."

"एकल्या बाईचा फोटू? त्यो हार घालाय काढत्यात. ती हुबी ऱ्हायची न्हाय."

"मग तुम्ही दोघंच बसा."

म्हस्कू कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "ह्या वयात? सुनंफुडं? व्याह्याफुडं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मान्सं लागत्यात, मास्तर. आडोशाला तरी लागत्यात. मागं लांब हुबी करा समद्यास्नी. हुंदे पिठलं."

"आणि पाटील?"

"सांगा नंतर, काच खराब निघाली. पापणी लवंस्तवर म्हनलात न्हवं?"

"हां. हे असं." रामहरीनं डोळा टक्क उघडला, एका क्षणात मिटला. "जे दिसलं ते आत राहिलं. शटर म्हणजे दुसरं काही नाही."

ते म्हस्कूला फार पटलं. दुकानातून बाहेर पडल्यापासून त्यानं सराव सुरू केला. टांग्याचं घोडं आलं, डोळा उघडला, मिटला. घोडं आत राहिलं, चारही पाय सुटे. म्हस्कूला गंमत वाटली. भाजीबाजारात साखरबाई माळीण मेथीच्या जुड्या लावत बसली होती. म्हस्कूनं तिच्याकडं डोळा उघडला, मिटला. मेथी नीट उठली नाही म्हणून पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.

"मुडद्या!" साखरबाईनं मेथीची जुडीच भिरकावली. "केस पिकलं तरी डोळं मारतूया! बायको न्हाय का घरात?"

"हाय की. तिच्यापायीच चाललंय समदं," असं म्हणत म्हस्कू पळाला, आणि त्या बोलण्यानं साखरबाईनं डोक्यात आणखीनच राख घालून घेतली.

दुसऱ्यांदा रामहरी आला तो भर बाराला. ऊन असं की धोंडा हातात धरवेना. सगळ्यांना उन्हात उभं करायचं म्हटल्यावर आबासाहेबांनी छत्री उघडली.

"पाटील, छत्रीनं सावली पडते."

"सावली पडायसाठीच छत्री आस्ती, मास्तर."

छत्री मिटवण्यात बराच वेळ गेला. रामहरीनं पुढं घोंगडी अंथरली आणि म्हस्कू-नकोशीला तीवर बसवलं, मधे वीतभर अंतर ठेवून. ते अंतर नकोशीनं सरकून हातभर केलं. बाकीचे सगळे मागं, गोठ्याच्या भिंतीपाशी.

"आमी इतकं लांब का?" आबासाहेब ओरडले.

"मोठी माणसं लांबूनच शोभतात!" रामहरीही ओरडला. हे पाटलांना पटलं.

गव्हर्नरला या खेपेला कुणी आडवा धरला नाही. आप्पानं कासरा मनगटाला गुंडाळला होता आणि मेंढा सरळ समोर बघत होता. हरभरा नव्हता. त्यामुळं तो विचार करायला मोकळा होता.

रामहरीनं काळं फडकं डोक्यावर घेतलं, कमरेत वाकला आणि कॅमेऱ्यामागं डोकं खाली घातलं. आत बराच वेळ अंतर जुळवत राहिला. मोठ्या भोकाला अंतर केसाएवढं चुकून चालत नाही. माणसांना हे समजतं. पण टकरीच्या मेंढ्यानं काय समजावं? समोर कुणीतरी काळं, रुंद, डोकं खाली घातलेलं, अंग डोलवत उभं आहे. मेंढ्यांच्या राज्यात याचा अर्थ एकच होतो.

गव्हर्नरनं पुढच्या पायानं माती उकरली.

रामहरी बाहेर आला. ऊन होतं म्हणून फडकं त्यानं डोक्यावर तसंच ठेवलं. प्लेट चढवली, शटर ओढून तयार केलं, प्लेटीवरचं झाकण वर काढलं, फुगा हातात घेतला. "हां, सगळ्यांनी इकडं..."

एवढ्यात आप्पा आडवा झाला. कासऱ्याला बांधलेला आप्पा आणि त्याच्या पुढं गव्हर्नर, अशी दोघांची वरात निघाली. "धरा! आरं धरा!" आबासाहेबांनी छत्री उघडली. प्रयागबाईनं किंकाळी फोडली. मेंढा घोंगडीच्या कडेनं वाऱ्यासारखा गेला, त्या झुळकीनं नकोशीचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. अख्ख्या सणसरची नजर गव्हर्नरवर.

म्हस्कूला उभ्या जन्मात असा मोका मिळाला नव्हता. बाप नव्हता, काठी नव्हती, सुनेचं लक्ष नव्हतं, व्याह्यांचं नव्हतं. दिवसाउजेडी, चार माणसांत, कुणी म्हणून कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. त्यानं मान वळवली आणि बायकोकडं बघितलं.

भीतीनं रामहरीची मूठ आवळली. फुगा दबला. टक् असा आवाज झाला, आणि पुढच्या क्षणाला रामहरी भेंडीच्या वाफ्यात होता, दोन सऱ्या ओलांडून. कॅमेऱ्याला धक्का लागला नाही. गव्हर्नरचं वैर फडक्याशी होतं, ते त्यानं शिंगावर घेतलं आणि मिरवत गोठ्यात गेला.

रामहरीला आठवडाभर बसता येत नव्हतं. प्लेट धुतली तीसुद्धा उभ्यानंच. म्हस्कू आला तेव्हा रामहरीनं फोटो हातात दिला आणि तोंड फिरवून बाटल्या पुसायला लागला.

मागं गोठ्याची भिंत म्हणजे ढग. ढगात काही पांढरट गोळे. त्यातला एक गोळा फुगीर, वर काळी छत्री, ते आबासाहेब असावेत. कडेला खालच्या अंगाला एक काळा फराटा, तो पहिल्या नंबराचा गव्हर्नर. आणि मधे, त्या सगळ्या पिठल्यात, घोंगडीवर दोन माणसं अशी स्वच्छ की बोट लावलं तर हलतील.

नकोशीचा पदर खांद्यावर होता. कपाळावरचं कुंकू, त्याखालचं गोंदण, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या रेघा, नाकातली फुली. म्हस्कू एकेक बघत गेला. तोंड होतं. सगळं होतं. पण ते कॅमेऱ्याकडं नव्हतं. मान एका अंगाला वळलेली होती, त्याच्याकडं. फोटोतला म्हस्कू तिच्याकडं बघत होता आणि ती म्हस्कूकडं.

तो दुकानाच्या पायरीवर बसला. गाडीवान दोनदा हाक मारून गेला.

घरी गोंधळ झाला तो व्हायचाच होता. आबासाहेब वरकुट्याहून आले, फोटोत स्वतःला शोधलं, गोळा सापडला आणि चहा न घेता उठले. आप्पानं तो फराटा बघून कपाळ बडवलं. प्रयागबाई पदर तोंडात धरून आत पळाली आणि आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. शेवटी आप्पानं निकाल दिला. सोप्यात पहिला फोटो लागेल, पानं मोजायचा. पाव्हणे आले की विचारायचे, "ही धुराचं डोकं असलेली बाई कोन?" आणि नकोशीच पुढं होऊन सांगायची, "मीच की. मान न्हाय न्हाय म्हनली, धड तेवढं आलं."

दुसरा फोटो म्हस्कूनं स्वैपाकघरात चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला. तिथं जेवायला ती दोघंच शेवटी बसायची.

नकोशीनं तो पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा भाकरी थापत होती. पिठाचा हात लांब धरून ती वाकली.

"ही म्हातारी मी व्हय? माझ्या आयेवानी दिसतीया." मग थोडी पुढं वाकली. "अन् अवं, तुमी कुठं बघताय हे? मेंढा सुटलाय, पोरगं फरफटतंय, समदं गाव तिकडं बघतंय, अन् तुमी..."

"तू तरी कुठं बघितलंस मेंढ्याकडं?"

नकोशीनं खांद्यावरचा पदर डोक्यावर ओढला. "माझी मान हलती. ती वळली आसंल तिकडं."

"व्हय," म्हस्कू म्हणाला. "वळली आसंल."

ती तव्याकडं वळली. भाकरी टाकली, पाणी फिरवलं. म्हस्कू कोनाड्याकडं बघत राहिला. ताटातली भाकरी तशीच.

"भाकर निवतीया. मी खरी हितं बसल्यावर कागदाकडं काय बघायचं?"

म्हस्कूनं कोनाड्यावरची नजर काढली आणि तिच्याकडं बघितलं. मान हलत होती, नेहमीसारखी. पण आता त्याला ठाऊक होतं ती कुठवर येते ते. त्यानं वाट बघितली. मान चुलीकडं गेली, तिथून फिरली, हळूहळू इकडं आली, अगदी त्याच्या समोर आली, आणि परत जायच्या आत तिथं एवढीशी थांबली.

म्हस्कूनं तेवढ्यात डोळे गच्च मिटून घेतले.

"आता गं बया," नकोशी म्हणाली. "जेवताना झोप लागली व्हय?"

"न्हाय," म्हस्कू म्हणाला. डोळे त्यानं उघडले नाहीत. "जरा थांब. वाफा भरलाय."